एडिसनची बॅटरी

बीड जिल्ह्यातील चौसाळा हे गाव सोलापूरहून धुळ्याकडे जाणाऱ्या महामार्गावर आहे. तेथील शिवारात एखाद्या विहिरीवरील विजेचा पंप अचानक बंद पडला, की वायरमनला बोलावणे जाते. तो पिशवीतून एक लहानसे यंत्र काढतो, त्याची दोन टोके मोटारीच्या तारांना लावतो आणि यंत्रावरील आकडा पाहून मोटारीचे वेटोळे जळाले आहे की शाबूत आहे, हे सांगतो. या यंत्राला मेगर म्हणतात. तारेवरील वेष्टणातून वीज झिरपते की काय, हे पाहण्यासाठी मेगर पाचशे व्होल्टांचा दाब निर्माण करतो. पूर्वीच्या मेगरला दांडी असे व ती हाताने गरगर फिरवावी लागे. आता बहुतेक ठिकाणी ते काम यंत्राच्या पोटातील लहानशी बॅटरी करते. ही बॅटरी उतरलेली असली, तर यंत्र कितीही मोलाचे असो, ते मुके होते. उतरत्या बॅटरीवर चालणाऱ्या यंत्राने खोटा आकडा दाखविला, तर ते मुकेपणाहूनही वाईट. कारण त्या आकड्यावर भरवसा ठेवून कोणी तारेला हात लावला, तर प्राणावर बेतते.

उतरलेली बॅटरी पुन्हा भरता येते, हे आज सर्वांना ठाऊक आहे. परंतु कणगीत जोंधळा भरावा, तशी बॅटरीत वीज भरलेली नसते. बॅटरीतून विजेचा प्रवाह उलट दिशेने सोडला, की तिच्यातील द्रव्यांत रासायनिक बदल होतो. पुढे ती द्रव्ये पूर्वस्थितीला येऊ लागली, म्हणजे घेतलेली वीज परत मिळते. असा घट प्रथम १८५९ साली फ्रान्समध्ये गॅस्टन प्लांटे याने तयार केला. त्याने शिशाचे दोन पातळ पत्रे एकत्र गुंडाळून गंधकाम्लात बुडविले होते. शिसे आणि आम्ल यांची ही जोडी आजही मोटारगाड्यांत राबत आहे. परंतु शिसे अतिशय जड आणि आम्ल दाहक. या दोहोंवाचून बॅटरी करता येईल काय, या एका प्रश्नासाठी ज्याने आपल्या आयुष्याची दहा वर्षे आणि आपले बरेच धन वेचले, तो थॉमस आल्व्हा एडिसन. विजेच्या दिव्यामुळे त्याचे नाव घरोघर पोचले आहे. त्याच्या बॅटरीची कथा मात्र फारशी कोणी सांगत नाही.

एडिसनचा जन्म ११ फेब्रुवारी १८४७ रोजी अमेरिकेतील ओहायो संस्थानातील मिलान या गावी झाला. तो सात वर्षांचा असताना त्याचे कुटुंब पोर्ट ह्यूरन येथे राहावयास गेले. शाळेत त्याचे जमले नाही. मुलगा मंदबुद्धीचा आहे, असे मास्तरांचे मत पडले. त्याची आई पूर्वी शिक्षिका होती. तिला हे मत मानवले नाही व तिने त्याला शाळेतून काढून घरीच शिकविण्यास आरंभ केला. पुस्तकात वाचलेला प्रयोग स्वतः करून पाहिल्यावाचून या मुलाला चैन पडत नसे. घराच्या तळघरात त्याने बाटल्यांची रांग मांडली होती आणि कोणी हात लावू नये म्हणून त्या सर्वांवर विषाच्या चिठ्ठ्या डकविल्या होत्या.

बाराव्या वर्षी तो आगगाडीत वर्तमानपत्रे व खाऊ विकू लागला. सामानाच्या डब्यात त्याने आपली प्रयोगशाळा थाटली. परंतु एके दिवशी त्यातील द्रव्याने पेट घेतला आणि गार्डाने त्याची सर्व बाटल्यांसह उचलबांगडी केली. याच वयात त्याला ऐकू कमी येऊ लागले. पुढे एका स्टेशनमास्तरांच्या लहान मुलाला त्याने रुळांवरून ओढून वाचविले, तेव्हा त्या कृतज्ञ पित्याने त्याला तारयंत्र शिकविले. तारायंत्राचे ते कडकट्ट त्याच्या अधू कानांनाही ऐकू येई.

तारमास्तर म्हणून एडिसन गावोगाव हिंडला. त्या काळी तारा चालत त्या बॅटऱ्यांवर. त्यामुळे प्रत्येक तारकचेरीत आम्लाच्या बरण्यांची रांग असे. १८६७ साली लुइव्हिल येथे रात्रपाळी करीत असताना त्याला बॅटरीवर प्रयोग करण्याची हुक्की आली. गंधकाम्ल जमिनीवर सांडले, फळ्यांच्या फटींतून खाली झिरपले आणि खालच्या मजल्यावरील वरिष्ठांच्या मेजावर जाऊन पडले, असे सांगतात. दुसऱ्या दिवशी एडिसनची नोकरी गेली. आम्लाशी त्याचे वैर तेव्हाच जडले असेल, असे कोणी म्हटले, तर त्यात विनोदाचाच भाग अधिक आहे. परंतु शिशाच्या घटाविषयी पुढेही त्याचे मत कधी चांगले झाले नाही, हे खरे.

यानंतरची त्याची कामगिरी जगप्रसिद्ध आहे. १८७६ साली त्याने मेन्लो पार्क येथे प्रयोगशाळा काढली, १८७७ साली फोनोग्राफ केला, १८७९ साली टिकाऊ विजेचा दिवा प्रकाशित केला व १८८२ साली न्यूयॉर्क शहराच्या एका भागास वीज पुरविण्यास सुरुवात केली. १८८७ साली त्याने वेस्ट ऑरेंज येथे आणखी मोठी प्रयोगशाळा उभारली. मग मात्र त्याला एका मोठ्या अपयशास तोंड द्यावे लागले. हलक्या प्रतीच्या खडकाचा चुरा करून त्यातील लोखंड चुंबकाने वेगळे काढावयाचे, असा उद्योग त्याने मांडला होता. त्यात त्याने जवळजवळ दहा वर्षे घातली. तेवढ्यात दुसरीकडे उत्तम लोखंडाच्या खाणी सापडल्या, भाव कोसळले आणि कारखाना बंद करावा लागला. दिव्याने मिळविलेली संपत्ती खडकात गेली. त्या वेळी एडिसनने पन्नाशी ओलांडली होती.

दुसरा कोणी असता, तर त्याने आता विसावा घेतला असता. एडिसनने १८९९ च्या सुमारास बॅटरी हाती घेतली. त्यालाही कारण होते. घोडागाड्या जाऊन मोटारी येण्याचे ते दिवस होते, आणि मोटार कशावर चालावी, हे अद्याप ठरलेले नव्हते. १९०० साली अमेरिकेत तयार झालेल्या सुमारे चार हजार मोटारींपैकी एक तृतीयांशाहून अधिक मोटारी विजेवर चालणाऱ्या होत्या. पेट्रोलच्या गाड्या त्याहून कमी होत्या. विजेची गाडी धूर सोडीत नसे, आवाज करीत नसे व सुरू करण्यास दांडी फिरवावी लागत नसे. तिच्यात एकच उणीव होती, ती म्हणजे शिशाची जड बॅटरी. ही बॅटरी उतरलेल्या स्थितीत तशीच पडून राहिली, तर तिच्या पत्र्यांवर पांढरे कठीण पुट चढते आणि मग ती नीट भरत नाही. शिवाय आम्लामुळे तिचे पत्रे हळूहळू झडत जातात.

एडिसनने ठरविले, की आम्ल नको, शिसेही नको. आम्लाच्या उलट गुणाचा क्षार घ्यावा आणि त्यात न विरघळणाऱ्या धातू शोधाव्या. मग शोध सुरू झाला. तांबे, कोबाल्ट, कॅडमियम अशी एकेक धातू पुढे आली व मागे पडली. त्याचे सहकारी लहान लहान घट करीत, ते भरीत, उतरवीत, पुन्हा भरीत आणि प्रत्येकाचे आकडे वहीत टिपून ठेवीत. अशा प्रयोगांची संख्या हजारांत गेली. अखेर निकेल व लोखंड या दोन धातूंवर त्याची निवड स्थिरावली. त्यांना पोटॅशच्या क्षारद्रवात ठेवावयाचे आणि सर्व पोलादी डब्यात बंद करावयाचे, अशी ही बॅटरी होती.

१९०१ साली एडिसनने बॅटरीसाठी स्वतंत्र कंपनी काढली. येथे त्याच्या हातून एक चूक झाली, तीही सांगितली पाहिजे. बॅटरी पुरी तावूनसुलाखून निघण्यापूर्वीच त्याने तिची फार मोठी वर्णने वृत्तपत्रांना दिली. लोकांच्या अपेक्षा आभाळाला भिडल्या. १९०३-०४ च्या सुमारास बॅटऱ्या बाजारात आल्या. मालाची ने-आण करणाऱ्या गाड्यांत त्या बसविण्यात आल्या. आणि थोड्याच काळात तक्रारी येऊ लागल्या. डब्यांचे सांधे फुटून क्षार बाहेर झिरपे. त्याहून गंभीर दोष आत होता. निकेलचे संयुग वीज नीट वाहून नेत नाही, म्हणून त्यात ग्राफाइट मिसळले होते. घट अनेकदा भरून उतरला, की ग्राफाइट व निकेल यांचा संबंध सुटे आणि बॅटरीची शक्ती घटत जाई.

सर्वच बॅटऱ्या बिघडल्या नव्हत्या. अनेक गिऱ्हाइके त्यांवर समाधानी होती व आणखी मागणीही येत होती. कारखाना तसाच चालू ठेवला असता, तर नफा झाला असता. परंतु एडिसनने कारखाना बंद केला. सदोष बॅटऱ्या परत घेतल्या, गिऱ्हाइकांचे पैसे चुकते केले आणि तो पुन्हा प्रयोगशाळेत शिरला. खडकात गेलेल्या संपत्तीनंतर हा दुसरा मोठा खर्च होता. तो त्याने आपल्या फोनोग्राफच्या व इतर धंद्यांच्या मिळकतीतून भागविला. बॅटरीवर एकंदर दहा लाखांहून अधिक डॉलर खर्ची पडले.

पुढची पाच वर्षे मुख्यतः एका अडचणीवर गेली. निकेलच्या संयुगापर्यंत वीज पोचवावी कशी? यावर जो उपाय निघाला, तो फार सुंदर आहे. एका फिरत्या नळकांड्यावर विजेच्या साहाय्याने तांब्याचा थर चढवावयाचा, त्यावर निकेलचा, पुन्हा तांब्याचा, पुन्हा निकेलचा, असे अनेक थर द्यावयाचे. मग तो पत्रा सोलून बारीक तुकडे करावयाचे व रसायनात टाकून तांबे विरघळवावयाचे. मागे उरतात ते निकेलचे अत्यंत पातळ पापुद्रे. अळूच्या वडीची पाने उलगडावी तसे. पोलादाच्या सच्छिद्र नळीत निकेलच्या संयुगाचा एक थर आणि या पापुद्र्यांचा एक थर, असे शेकडो थर ठासून भरले, तेव्हा कोठे वीज नळीच्या कानाकोपऱ्यांत पोचू लागली. क्षारद्रवात थोडे लिथियमचे संयुग मिसळले असता बॅटरीची शक्ती वाढते, हेही याच काळात, १९०७ च्या सुमारास, त्याच्या ध्यानात आले. आजच्या मोबाइल फोनच्या बॅटरीत हेच लिथियम आहे, पण तेथे त्याचे कार्य अगदी निराळे आहे.

आता एडिसन सावध झाला होता. नवी बॅटरी बाहेर पाठविण्यापूर्वी तिची कसून परीक्षा झाली. यंत्रावर ठेवून तिला दणके देण्यात आले, गाड्यांत घालून तिला खाचखळग्यांच्या रस्त्यांवरून फिरविण्यात आले, एवढेच नव्हे तर प्रयोगशाळेच्या वरच्या मजल्यांवरून खाली टाकूनही पाहण्यात आले. १९०९ साली ती बाजारात आली. दहा वर्षे झाली होती. एडिसन बासष्ट वर्षांचा झाला होता.

या वेळी बॅटरी टिकली. परंतु ज्या मोटारीसाठी ती केली, ती मोटारच हातची निसटली. १९०८ साली एडिसनचा स्नेही हेन्री फोर्ड याने पेट्रोलवर चालणारी स्वस्त मोटार बाजारात आणली होती. १९१२ साली पेट्रोलची गाडी दांडी न फिरविता सुरू करणारे विजेचे साधन निघाले. त्या साधनास क्षणभर फार मोठा प्रवाह लागतो. तो देण्यात, विशेषतः थंडीत, निकेल-लोखंडाची बॅटरी कमी पडे. तेथे शिशाचीच बॅटरी बसली आणि विजेची मोटार हळूहळू रस्त्यावरून नाहीशी झाली.

तरी एडिसनची बॅटरी वाया गेली नाही. रेल्वेच्या सिग्नलांत, आगगाडीच्या डब्यांतील दिव्यांत, जहाजांवर, मालाच्या हातगाड्यांत तिला काम मिळाले. मुंबईला खोपोलीच्या जलविद्युतकेंद्रातून १९१५ साली वीज मिळू लागली. त्याच सुमारास अमेरिकेतील कोळशाच्या खाणींत कामगारांच्या कमरेला एडिसनची लहान बॅटरी आणि टोपीला दिवा दिसू लागला. खाणीत पेट घेणारा वायू साचतो आणि उघड्या ज्योतीच्या दिव्याने स्फोट होऊन असंख्य कामगार प्राणास मुकले होते. माणसाने अंगावर वागवावी अशी ही बॅटरी खऱ्या अर्थाने उपकारक ठरली.

पण बॅटरी स्वतःही वायू निर्माण करते, हे विसरून चालत नाही. ती भरत आली, की तिच्यातील पाण्याचे पृथक्करण होऊन हायड्रोजन आणि ऑक्सिजन बाहेर पडतात. हायड्रोजन एका ठिणगीने भडकतो. याचा प्रत्यय फार दुःखद रीतीने आला. पाणबुडीत शिशाच्या बॅटरीवर समुद्राचे पाणी पडले, तर विषारी क्लोरीन वायू निर्माण होतो. तो धोका टळावा, म्हणून अमेरिकन नौदलाने ई-२ नावाच्या पाणबुडीत एडिसनची बॅटरी बसविली होती. १५ जानेवारी १९१६ रोजी ही पाणबुडी ब्रुकलिनच्या गोदीत असताना तिच्या पोटात साचलेल्या हायड्रोजनचा स्फोट झाला. आतील काही माणसे ठार झाली व अनेक जखमी झाली. दोष बॅटरीचा की ती हाताळणाऱ्यांचा, यावर पुढे मोठा वाद झाला. एडिसनच्या बाजूचे म्हणणे असे, की बॅटरी पुरती उतरविताना काही घट इतरांच्या आधी रिकामे झाले, तरी त्यांतून प्रवाह वाहतच राहिला आणि त्यांत हायड्रोजन उत्पन्न झाला. तो बाहेर जाण्यास पुरेसा वारा नव्हता. कारण काहीही असो, गेलेली माणसे परत आली नाहीत, आणि पाणबुडीसाठी एडिसनची बॅटरी नौदलाने पुढे स्वीकारली नाही.

या दुर्घटनेतील गोष्ट चौसाळ्याच्या वायरमनच्या हातातील यंत्रालाही लागू पडते. यंत्रात चार किंवा सहा सेल एकामागे एक जोडलेले असतात. नांगराला एकापुढे एक बैलांच्या जोड्या जुंपल्या आणि त्यांतला एक बैल थकून बसला, तर बाकीचे त्याला फरफटत नेतात. तसेच येथे होते. एक सेल आधी रिकामा झाला, की बाकीचे सेल त्यातून प्रवाह रेटतच राहतात व तो कायमचा बिघडतो. म्हणून जुने व नवे सेल एकत्र घालू नयेत, एक बदलला तर सर्व बदलावे आणि यंत्राने बॅटरी उतरल्याची खूण दाखविताच काम थांबवून ती भरावी. ज्या जातीची बॅटरी, त्याच जातीचा चार्जर हवा. भरून झाल्यावरही तासन्‌तास ती चार्जरला टांगून ठेवली, तर ती तापते आणि तिचे आयुष्य घटते. उन्हाळ्यात मराठवाड्याचे ऊन चाळीस अंशांच्या पुढे जाते. अशा वेळी यंत्र गाडीच्या डिकीत टाकून ठेवणे म्हणजे बॅटरीचा घात करणे होय. यंत्र फार दिवस वापरावयाचे नसेल, तर बॅटरी पार उतरलेली ठेवू नये. फुगलेली बॅटरी तर भरण्याच्या भानगडीत पडूच नये.

एडिसनच्या बॅटरीला आणखी एक निगा लागे. वायू होऊन उडून गेलेल्या पाण्याची भर वरचेवर घालावी लागे आणि ते पाणी ऊर्ध्वपातित असावे लागे. विहिरीचे पाणी चालत नसे, कारण त्यातील क्षार आत साचत. चुकून आम्ल पडले, तर बॅटरीचा नाशच. तिच्याजवळ ज्योत नेण्याची मनाई होती. न वापरता ठेवली, तर ती आपोआप बरीच उतरे, हा तिचा मोठा दोष होता. मात्र एवढी निगा राखणाऱ्याला ती वीस वीस, तीस तीस वर्षे साथ देई.

हातात धरावयाच्या यंत्रांत पुढे जी बॅटरी शिरली, ती मात्र एडिसनची नव्हती. ज्या काळात तो अमेरिकेत निकेल आणि लोखंड यांशी झगडत होता, त्याच काळात स्वीडनमध्ये वाल्डेमार युंगनर हा शास्त्रज्ञ निकेल आणि कॅडमियम घेऊन काम करीत होता. त्याने ही बॅटरी १८९९ साली केली. दोघांत पेटंटासाठी कज्जेही झाले. एडिसनची कीर्ती व साधने मोठी होती, म्हणून युंगनरचे नाव मागे पडले. तथापि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मापनयंत्रांत, हातबत्त्यांत व रेडिओत निकेल-कॅडमियमचे बंद सेल सर्वत्र पसरले. कॅडमियम विषारी असल्यामुळे त्याची जागा पुढे निकेल आणि धातु-हायड्राइड यांच्या सेलने घेतली. १९९१ साली लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली.

एडिसन अखेरपर्यंत काम करीत राहिला. म्हातारपणी तो मोटारींच्या चाकांसाठी लागणाऱ्या रबराचा शोध गवतासारख्या वनस्पतींत घेत होता. १८ ऑक्टोबर १९३१ रोजी वेस्ट ऑरेंज येथे, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, त्याचा अंत झाला. त्याला मान देण्यासाठी सर्व देशातील वीज मिनिटभर बंद करावी, असा विचार पुढे आला होता. परंतु तेवढ्या एका मिनिटानेही अनर्थ होईल, असे दिसून आले. म्हणून २१ तारखेच्या रात्री लोकांनी आपापल्या घरचे दिवे स्वतःच मिनिटभर मालविले. त्याच्या बॅटरीचा कारखाना त्यानंतरही चालू होता. १९७२ साली तो दुसऱ्या कंपनीने विकत घेतला आणि १९७५ साली निकेल-लोखंडाच्या बॅटऱ्या करणे तेथे थांबले.